जी ड्राइव्हमधलं जुनं पळसदेव

५ एप्रिल

डेअरीवाल्यांनी दिवाळीला दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. आज तिचं भाग्य उजळलं.

सकाळी पळसदेवला त्याच डेअरीत कॅमेरे बसवायला गेलो आणि भलतंच काम अंगावर घेऊन आलो. बारामतीला पोचेपर्यंत गाडीत एकटाच बडबडत होतो. घरी बायको, वृषाली, म्हणाली, "आरशात बघ जरा. लॉटरी लागली का?" लॉटरीचं काय घेऊन बसलीस!

झालं असं. मी स्टुलावर उभा राहून वायर ओढत होतो आणि खालून फुलाकाकीचा आवाज आला. "गोकुळ, त्वा केल्यालं ते गाव हाय का रं अजून? कम्प्युटरातलं?"

मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. वीसेक वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारलेला नाही. इंदापूरला माझा कम्प्युटर क्लास होता तेव्हा मी आणि माधवीने, म्हणजे क्लासात शिकवायला असलेल्या मॅडमने, दोन वर्षं खपून 'जुनं पळसदेव' नावाची सीडी केली होती. उजनीच्या पाण्याखाली गेलेलं अख्खं गाव. म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून एकेक घर, पार, गल्ली, पळसनाथाचं मंदिर, सगळं कम्प्युटरवर उभं केलं. बाणाची बटणं दाबायची आणि गावातून चालायचं. तेव्हा अशी वस्तू पुणे जिल्ह्यात दुसरी नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

"हाय की," मी म्हणालो. कुठे आहे, चालतंय का, काही ठाऊक नाही. पण तोंडातून निघून गेलं.

"मग भागीला एकदा दाव. ती चाललीया बडोद्याला. माऊली येतोय न्यायाला, आकिती झाली की. कायमची जातीया. मी बसंन आपली कडंला."

भागी म्हणजे भागूकाकी, तिची धाकटी जाऊ. तिचा मुलगा माऊली अक्षय्य तृतीयेनंतर तिला न्यायला येणार. या दोघींची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. जुन्या गावात दोघा भावांनी वाटण्या केल्या आणि सामाईक अंगणात मधोमध भिंत घातली. अंगणातला कडुलिंब भिंतीच्या कुठल्या बाजूला यावरून या दोघींचं बिनसलं ते बिनसलंच. पुढे धरणाचं पाणी आलं. घरं, भिंत, लिंब, सगळं बुडालं. भांडण तेवढं बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणलं. तिथे घरं नेमकी समोरासमोर मिळाली. दोघींचे नवरे गेले, सुना आल्या, नातवंडं झाली, पण एकमेकींशी एक शब्द नाही. निरोप द्यायचा तर तो तिसऱ्याच्या तोंडून.

"लिंब कुनाचा व्हता ते दिसंल न्हवं त्यात?" काकीने विचारलं. मग आवाज बारीक करून, "माज्या नावानं सांगू नगंस. त्वाच आपला दावतोयस असं म्हन."

म्हातारी पक्की आहे. जाऊ गावातून जायच्या आत पुरावा समोर ठेवून तिला कायमची गप्प करायचा बेत दिसतोय. मला काय त्याचं! माझं गाव पुन्हा चालू होणार!

७ एप्रिल

उत्साहात एक गोष्ट विसरलो होतो. सीडी आहे कुठे?

क्लास बंद केला तेव्हा मशीन आल्या भावात गेली. त्यातच मूळ प्रोग्रॅम गेला. सीड्या मात्र भरपूर काढल्या होत्या. एका राइटरवर, एकेक करून. महाशिवरात्रीच्या जत्रेत जुन्या गावच्या प्रत्येक घराला टोपी, नारळ आणि सीडी असा मान दिला होता. काय टाळ्या पडल्या होत्या त्या दिवशी! फक्त कम्प्युटर कोणाकडेच नव्हता.

पुढच्याच हंगामात मी पळसदेवहून इंदापूरला जात होतो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा लखलखताहेत. जवळ जाऊन बघतो तर काय, माझं गाव! दोऱ्याने फांद्यांना टांगलेलं. उन्हात फिरलं की पोपट घाबरतात म्हणे. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्या वर्षी आमच्याही बागेत पोपटांनी उच्छाद मांडला होता. माझ्या घरची प्रत मीच नेऊन बांधली.

आता बागा हिंडणं आलं.

९ एप्रिल

आज पळसदेवच्या अप्पांची बाग. अप्पा ऐंशीला आले तरी डाळिंबाची छाटणी स्वतः करतात. त्यांच्याकडे सीडी निघाली, नुसती निघाली नाही, अजून ड्यूटीवर होती! माझं काळीज असं उडालं की विचारू नका. दोरा कापून हातात घेतली आणि डोळ्यांपुढे धरली, तर पलीकडचे अप्पा स्पष्ट दिसले. उन्हाने वरचा मुलामा पार उडालेला. काचेच्या चकतीत गाव कुठून सापडणार?

"लई गुनाची व्हती बग," अप्पा म्हणाले. "तुज्या गावानं माजी बाग राखली. नवीन हाय का एखादी?"

जत्रेतल्या टाळ्यांनंतर माझ्या कामाचं हे पहिलंच कौतुक.

१२ एप्रिल

पिंपळीतल्या बागा झाल्या, पार सुप्याला अप्पांच्या पाहुण्यांकडेही जाऊन आलो. तिथल्या सीडीच्या भोकात गोटी बसवून भोवरा केलेला होता. फिरतो मात्र छान.

घरी येऊन वैतागून बसलो तर वृषाली चहा देताना म्हणाली, "तू नुसता बागा पालथ्या घालतोयस. बागा गड्यांच्या. घरात विचारलंस का कुणाला? चकचकीत वस्तू बाई फेकून देत नाही, कुठंतरी लावते."

मी म्हणालो, हे आठ दिवस आधी सुचलं असतं तर डिझेल वाचलं असतं. ती म्हणाली, आठ दिवसांत तू मला एक वाक्य तरी पुरं बोलू दिलंस का? तिचं हे वाक्य पुरं व्हायच्या आत माझं पुढचं वाक्य तयार होतं.

१३ एप्रिल

सापडली! सापडली! आणि कुठे सापडली!

वृषालीला घेऊन पळसदेवला गेलो. ती सरळ बायकांच्या घोळक्यात शिरली आणि अर्ध्या तासात बातमी घेऊन आली. भागूकाकीच्या देव्हाऱ्यात एक चकती आहे.

गेलो. देव्हाऱ्यात पळसनाथाचा फोटो आणि फोटोच्या मागे, बरोबर प्रभावळीच्या जागी, माझी सीडी. चकाकणारी बाजू पुढे. मध्ये भोकाभोवती हळदीकुंकू. अंधाऱ्या खोलीच्या कोनाड्यात ऊन कधी शिरलंच नाही. मी तिथेच बसकण मारली.

"काकी, ही इथे कशी?"

"कशी म्हंजी? देऊळ हाय आत, असं त्वाच म्हनला न्हवतास? मग द्येव डाळिंबाला टांगायचा व्हय?"

मी म्हणालो की मला ती थोडे दिवस हवी आहे, गाव पुन्हा चालू करून तिला दाखवायचं आहे.

"कुनी सांगितलं तुला दावायला?"

"कोणी नाही. माझ्याच मनात आलं."

"समूरच्या घरच्यांना बी दावनार का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"माजं काय न्हाय. आली तर आली," ती पदर सारखा करत म्हणाली. "पन मी म्हनलं असं सांगू नगंस."

दोघी सारख्याच. सामना ठरलाय आणि दोन्ही पार्ट्या 'आव्हान मी दिलंच नाही' म्हणताहेत. मला तर आत्ताच प्रेक्षकांत बसल्यासारखं वाटतंय.

सीडी काढू देईना मात्र. देवाच्या मागची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणे. गाडीत कोरी डीव्हीडी होती, ती आणून दिली. काकीने उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात कंचा द्येव हाय?"

"अजून कोणी नाही. कोरी आहे."

"असू दे. ईल कुनीतरी," म्हणाली आणि तिलाही हळदीकुंकू लावलं.

१५ एप्रिल

कुंकू आणि तेलाचा थर साबणाच्या पाण्याने काढला. कापसाने, मधून कडेकडे, गोल गोल नाही. हे मी क्लासात दर बॅचला शिकवायचो. मग सीडी घेऊन माधवीकडे. तिचं बारामतीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे आणि तिने जन्मात कधी काही टाकून दिलेलं नाही, त्यामुळे बाहेरून जोडायचा जुना सीडी ड्राइव्ह तिच्याकडे असणारच होता.

"तुझं खूळ अजून गेलं नाही?" माधवी म्हणाली. पण पत्रिका बाजूला सारून खुर्ची ओढून बसलीच की शेजारी.

सीडी फिरवून फिरवून उगीच झिजवायची नाही. तिची एकदाच हुबेहूब फाइल करून घ्यायची, मग सीडी परत देवाच्या स्वाधीन. निम्मी कॉपी सुरळीत झाली. मग ड्राइव्ह घरघरू लागला. एका जागी अडकला, मागे गेला, पुन्हा आला. मी टेबलाची कड धरून बसलो होतो. माधवी म्हणाली, "श्वास घे, बाबा." वेग अगदी कमी करून पुन्हा लावलं. दुकानात एक नवरदेव, त्याचे मामा आणि आत्या पत्रिकेचा रंग ठरवत होते. त्यांचा रंग ठरला आणि इकडे आमची फाइल पुरी झाली. मी इतक्या जोरात ओरडलो की मामा दचकले. मी त्यांना पेढे खायला घातले. नवरदेवाला वाटलं आपल्याच लग्नाचे.

१७ एप्रिल

लॅपटॉपवर प्रोग्रॅम सुरूच होईना. नवीन विंडोजला एवढा जुना प्रोग्रॅम समजत नाही. वाटलंच होतं. म्हणजे विंडोज ९८ असलेलं खरं मशीन हवं.

पिंपळीला मावसभाऊ बिरूकडे माझ्या क्लासातलं एक मशीन दिलं होतं, पोरांना शिकायला. आज गेलो. मॉनिटर माळ्यावर होता, ठणठणीत. कॅबिनेट गोठ्यात सापडलं, त्यावर एक कोंबडी अंडी उबवायला बसली होती. बिरूची बायको म्हणाली, पिल्लं निघेपर्यंत तिला उठवायचं नाही. मी म्हणालो, वहिनी, गाव उठवायचंय! शेवटी पाटीत भुसा घालून, अंड्यांसकट, कोंबडीची सन्मानाने बदली केली. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती धरणग्रस्ताची नजर होती.

मशीन घरी आणून धूळ झटकली, बटण दाबलं. आणि ती विंडोज ९८ ची धून वाजली! वृषाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमचं लग्न झालं तेव्हा मी तिला पहिल्यांदा क्लास दाखवायला नेलं होतं, तेव्हा सगळ्या मशीनवर हीच धून एकापाठोपाठ एक वाजली होती. हात पुसत उभी राहिली.

सीडी ड्राइव्हचा ट्रे मात्र उघडत नाही. मेला बिचारा.

१८ एप्रिल

खरी मजा इथून पुढे.

माझ्या प्रोग्रॅमला मी कुलूप घातलं होतं. सायबर कॅफेवाले कॉपी करून विकतील अशी मला भीती होती. (कोणी फुकटसुद्धा घेतली नाही, ते सोडा.) सीडी ड्राइव्हमध्ये मी दिलेल्या नावाची सीडी दिसली तरच गाव उघडतं, नाहीतर 'कृपया मूळ सीडी घाला' असा फलक. हार्ड डिस्कवर नुसती फाइल ठेवून भागत नाही. आणि खरा ड्राइव्ह तर मेलेला. मग खोटा ड्राइव्ह तयार करायचा!

जेवताना वृषालीला सगळा इतिहास सांगितला. डॉसच्या काळात फ्लॉपी हळू चालायची म्हणून लोक मेमरीचाच एक तुकडा वेगळा काढून त्याला ड्राइव्ह म्हणायचे. वीज गेली की ड्राइव्ह गायब. मग एखाद्या फोल्डरलाच ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड होती, सबस्ट. मशीन निमूट विश्वास ठेवायचं. मग सीडीचा जमाना आला. आमच्या क्लासात दहा मशीन आणि सीडी ड्राइव्ह एक. टायपिंग शिकवायच्या सीडीसाठी पोरांची रांग लागायची. तेव्हा पुण्याला शिकणारा एक जण सुट्टीत आला आणि फ्लॉपीतून खोटा ड्राइव्ह करणारं सॉफ्टवेअर देऊन गेला. सीडीची फाइल करायची, सॉफ्टवेअरच्या हवाली करायची, की मशीनमध्ये आणखी एक ड्राइव्ह दिसायचा, जो मुळात नव्हताच! दहाच्या दहा मशीनमध्ये एकच सीडी, एकाच वेळी. त्या दिवशी मी क्लासला सुट्टी देऊन सगळ्यांना भेळ खिलवली होती. पुढे सीडीवाल्या कंपन्या चिडल्या. कॉपी करणारा अडखळावा म्हणून सीडीवर मुद्दाम खराब जागा ठेवू लागल्या. तर या सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या खराब जागांचीही नक्कल केली! वर्षानुवर्षं ही चढाओढ चालली. आणि आता विंडोजमध्ये फाइलवर दोनदा टिचकी मारली की ड्राइव्ह तयार. एवढी सोय झाली तेव्हा सीडीच संपली.

वृषाली भात वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे नसलेली वस्तू आहे म्हणायचं, आणि समोरच्यानं ती चालवून घ्यायची. मग संसारात दुसरं काय असतं?"

मी तिला समजावलं की तसं नाही, यात ड्रायव्हर लागतो.

२० एप्रिल

जमलं!

खोट्या ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन विंडोज ९८ वर चालत नाही. तेवढ्यासाठी इंटरनेटवरच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून त्या काळचं व्हर्जन शोधलं. पेनड्राइव्ह ते मशीन ओळखेना, म्हणून हार्ड डिस्कच काढून लॅपटॉपला जोडली, ते सॉफ्टवेअर आणि सीडीची फाइल टाकली, परत बसवली. माय कम्प्युटर उघडलं. सी, डी, ई, एफ. मृत ड्राइव्ह एफवर. आणि त्याच्या खाली, नवा कोरा, जी! शेजारी सीडीचं छोटं चित्र आणि माझ्या हाताने दिलेलं नाव.

प्रोग्रॅमने जीमध्ये डोकावून पाहिलं. कुलूप उघडलं. माझं कुलूप, माझ्याच खोट्या किल्लीने. पडदा काळा झाला, मग निळा, आणि मग भीमेचा काठ. घाटाच्या पायऱ्या. पळसनाथाचं शिखर. मी बाण दाबला आणि गावात चालत गेलो. मशीन धापा टाकतंय, चित्र धक्के खात पुढे सरकतंय, पण मी गावात होतो. पाराला वळसा घातला. माझ्या आजोबांच्या दारापुढून गेलो. मला रडू आलं. येऊ दे, माझीच डायरी आहे.

मग फुलाकाकीच्या गल्लीत वळलो, आणि हात थांबला.

अंगण आहे. कडुलिंब आहे. या बाजूला फुलाकाकीचं दार, त्या बाजूला भागूकाकीचं. मधली भिंत नाही.

माधवीला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, आठवत नाही का? चौसष्ट एमबीची रॅम. एकेका भिंतीला मशीन आचके द्यायचं. अंगणातल्या आणि परसातल्या सगळ्या भिंती मीच उडवल्या. तू म्हणालास, घरं राहू देत, भिंती गेल्या तरी चालतील."

मी असं म्हणालो होतो?

२२ एप्रिल

डोकं फुटायची वेळ आली. ज्या भिंतीवरून एवढं रामायण, तीच नाही. लिंब कुठल्या बाजूला हे भिंतीशिवाय कसं ठरणार? फुलाकाकीचा पुरावा गेला, आणि भागूकाकी गाव सोडताना म्हणणार की गोकुळला साधं गाव मांडता आलं नाही. मूळ प्रोग्रॅम नसल्यामुळे आत भिंत घालताही येत नाही. सगळं नव्याने लिहावं लागेल, आणि माऊली यायची तारीख तर येऊन ठेपलीय.

मी वृषालीला म्हणालो, तब्येतीचं कारण सांगून रद्द करतो.

"तसंच घेऊन जा," ती म्हणाली.

"अगं, भिंत नाही!"

"कळलं. तसंच घेऊन जा."

बायकांना प्रोग्रॅममधली चूक ही चूक वाटतच नाही.

२७ एप्रिल

आज दाखवलं. क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

कोणीच कोणाच्या घरात पाय ठेवणार नाही, म्हणून मशीन डेअरीच्या ऑफिसात मांडलं. दोन खुर्च्या, मध्ये मुद्दाम अंतर. फुलाकाकी आधी आली. नवं लुगडं. भागूकाकी उशिरा आली. तिचंही नवं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी भाषण तयार केलं होतं, सबस्टपासून. सुरुवात केली, तर भागूकाकी म्हणाली, "गाव लाव."

लावलं. नदी दिसली आणि भागूकाकी "आगं बया!" म्हणून उभीच राहिली. बटणं दाबायला ती घाबरत होती, म्हणून फुलाकाकीने बोट ठेवलं. म्हातारीचं बोट जाड, दोन दोन बटणं एकदम दाबली जायची. गाव हिंदकळत चाललं.

"गोकुळ, तिला सांग, हळू चालीव," भागूकाकी म्हणाली.

मी सांगितलं. तिने ते माझ्या आधीच ऐकलेलं होतं.

"गोकुळ, तिला म्हनावं, मला ठावं हाय."

"तिला म्हन, पाराच्या आंगानं जा. तकडनं गटार हाय."

"सांग तिला, गटार न्हाय काडल्यालं ह्यानं."

मी एकीकडून दुसरीकडे मान फिरवून दमलो. मशीन एका कोपऱ्यावर अडकलं. बटण दाबून धरलं तरी हलेना, चौसष्ट एमबी ती किती ओढणार! आणि भागूकाकी एकदम ओरडली, "वळ की गं! हितनंच तर वळायचं!"

गल्ली वळली. फुलाकाकीने मागे वळून जावेकडे पाहिलं. बहुतेक ओरडल्याचा राग आला असावा. मला धास्ती वाटली, कारण आता अंगण येणार होतं.

अंगण आलं. लिंब आला.

"भिंत कुठं हाय?" भागूकाकीने विचारलं.

"काकी, त्याचं असं झालं," मी म्हणालो, "त्या काळी मेमरी कमी होती, म्हणून माधवीने..."

"गप रं," फुलाकाकी म्हणाली.

दोघी बघत राहिल्या. मग फुलाकाकीने बटण दाबलं. तिच्या दारातून निघाली, लिंबाखालून गेली, सरळ, आणि भागूकाकीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. पुढे जाईना. ती दाबत होती, पण जाईना.

"आत ये की," भागूकाकी म्हणाली.

"दार लावल्यालं हाय."

"म्या कवा दार लावत व्हते गं?"

मी तांत्रिक अडचण समजावून सांगितली. दारं म्हणजे नुसती चित्रं आहेत, आतल्या खोल्या केल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणीही कितीही दाबलं तरी आत जाता येणार नाही. दोघींपैकी एकीनेही ऐकलं नाही. फुलाकाकी डोळ्याला पदर लावत होती. त्या जुन्या मॉनिटरने डोळ्यांना त्रास होतो, हे मी क्लासातही सांगायचो. भागूकाकी तिचा दंड धरून उठली आणि दोघी बाहेर पडल्या. मध्येच! अजून मंदिर बघायचं होतं, बाजारतळ बघायचा होता, घाटावरची होडी तर माझी सगळ्यात आवडती!

मी डेअरीच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. दोघी रस्ता ओलांडून चालल्या होत्या, हळूहळू, हाताला हात धरून. भागूकाकीच्या घरापाशी गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. तीन नंबरच्या कॅमेऱ्याचा कोन चुकलाय, दार कापलं जातं. परवा येऊन नीट करायला हवा.

तास झाला, दोन तास झाले, कोणी परत आलं नाही. माझ्याबरोबर आलेली वृषाली त्यांच्याकडे डोकावून आली. म्हणाली, "पोळ्या करतायत. तू मशीन आवर." लिंब कुणाचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

२ मे

आज माऊली भागूकाकीला घेऊन गेला. मी सीडी परत द्यायला गेलो होतो. भागूकाकी म्हणाली, माज्याकडं नगं, फुलीच्या देव्हाऱ्यात ठिव. ती कोरी डीव्हीडी मात्र बडोद्याला घेऊन गेली. गाडी हलल्यावर फुलाकाकी फाट्यापर्यंत मागून चालत गेली. एवढ्या उन्हात! पायात चप्पलसुद्धा नव्हती.

१० मे

हार मानणारा मी नव्हे. दुसरी आवृत्ती करायची! नवा लॅपटॉप आहे, मेमरीची ददात नाही. माधवी तयार आहे, फक्त "भिंतीचं मला विचारू नकोस" म्हणते. आता सगळ्या भिंती घालणार, खऱ्या मापाच्या. आज तर हात नुसते शिवशिवत होते.

पहिली तीच घालायची ठरवली. कुठून कुठवर होती, उंची केवढी, लिंबाच्या अलीकडून की पलीकडून, हे विचारायला फुलाकाकीला फोन केला.

"आटवत न्हाय," म्हणाली.

मी थक्क झालो. जन्मभर जिच्यावरून भांडली, ती भिंत! म्हटलं, वय झालं. मग बडोद्याला लावला. माऊलीने फोन आईकडे दिला. भागूकाकीने आधी फुलाकाकीची तब्येत विचारली, गुडघा विचारला, म्हैस व्याली का विचारलं. मग मी भिंतीचं काढलं.

तिलाही आठवत नाही.

आता कोणाला विचारावं?